हिरव्या ठिपक्याचे वचन

शाकाहारी अन्न म्हणजे काय, या प्रश्नाला भारतीय कायदा एका ओळीत उत्तर देतो: जे मांसाहारी नाही ते. मांसाहारी अन्नाची व्याख्या मात्र तपशीलवार आहे. २०२०च्या लेबलविषयक विनियमांनुसार ज्या पदार्थात घटक म्हणून प्राण्याचा संपूर्ण देह वा त्याचा अंश, पक्षी, कीटक, गोड्या पाण्यातील किंवा समुद्रातील जीव, अंडी अथवा कोणतीही प्राणिजन्य वस्तू असेल, तो पदार्थ मांसाहारी. त्यापुढे अपवादांची यादी येते. दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचे मेण, कार्नौबा मेण आणि शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख.

आयुष्यभर सरकारी मसुदे वाचलेल्या माणसाला अशा यादीपाशी थांबण्याची सवय लागते. कार्नौबा मेण हे ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांवर जमणारे मेण आहे. ते वनस्पतिजन्यच आहे. जे मुळात मांसाहारी नव्हतेच, त्याला मांसाहारातून वगळण्याची काळजी मसुदा करणाऱ्याने घेतली. बहुधा 'मेण' या शब्दाबरोबर तेही आत आले असावे. ही चूक निरुपद्रवी आहे. लाखेचे तसे नाही. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात, त्यांच्या स्रावाचा थर साचतो आणि तो खरवडून, वितळवून, गाळून शेलॅक तयार होते. झारखंड आणि छत्तीसगडमधील कितीतरी आदिवासी कुटुंबांची रोख मिळकत त्यावर अवलंबून आहे. चॉकलेटच्या गोळ्यांवरची चकाकी अनेकदा या लाखेची असते. पांडवांना जाळण्यासाठी जे घर बांधले, त्याचेच हे द्रव्य. पलीकडे कोचिनियल नावाच्या किड्यापासून मिळणारा लाल रंग परदेशी मिठायांत वापरला जातो. दोन्ही किडेच, पण व्याख्येप्रमाणे एकाची चकाकी हिरव्या ठिपक्याखाली जाते आणि दुसऱ्याचा रंग पदार्थाला तपकिरी चिन्ह लावतो. हा भेद का, याचे कारण व्याख्येत दिलेले नाही.

आपल्याकडे 'शाकाहारी' आणि 'व्हीगन' यांविषयी जो संभ्रम आहे, त्याचा दोष सहसा ग्राहकाच्या अज्ञानावर टाकला जातो. लोकांना फरक समजत नाही, जागृती हवी, अशी भाषा बैठकांतून मी अनेक वर्षे ऐकली. माझे मत वेगळे आहे. हा गोंधळ बाजारात जन्मलेला नाही. राज्यसंस्थेने एका ठिपक्यात तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे कोंबली आणि त्यांतला कोणता प्रश्न आपण सोडवत आहोत, हे कधी स्पष्ट सांगितले नाही. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार आहे.

त्या ठिपक्याचा इतिहास फार जुना नाही. १९५४च्या अन्नभेसळ प्रतिबंध कायद्याखालील नियमांत २००० साली दुरुस्ती झाली आणि मांसाहारी पदार्थांच्या वेष्टनावर तपकिरी चिन्ह सक्तीचे झाले. हिरवे चिन्ह त्यानंतरच्या वर्षी, २००१च्या अखेरच्या अधिसूचनेने आले. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी राज्याने सावध केले, मग आश्वासन दिले. सावधगिरीची सूचना आणि आश्वासन यांत प्रशासकीय दृष्ट्या मोठे अंतर असते. 'यात अमुक आहे' हे सांगणे सोपे. 'यात अमुक नाही' असे सांगणाऱ्यावर पुराव्याचे ओझे फार वाढते, आणि ते ओझे पेलण्याची यंत्रणा न उभारताच आपण हिरवा ठिपका देशभर पसरवला.

तरीही त्या ठिपक्याचे श्रेय नाकारता येणार नाही. ज्या देशात शेकडो लिप्या-बोली आहेत आणि साक्षरता असमान आहे, तेथे निरक्षर आजीलाही बिस्किटाचा पुडा उलटून पाहता येतो, ही लहान गोष्ट नाही. २०२०च्या विनियमांत तपकिरी वर्तुळाच्या जागी त्रिकोण आला, कारण रंगांधळ्या माणसाला तपकिरी आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. ही सुधारणा शांतपणे झाली आणि तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. चांगल्या प्रशासनाचे बहुधा असेच होते.

आता ते तीन प्रश्न. पदार्थात काय आहे, हा पहिला. तो कसा तयार झाला, हा दुसरा. आणि तो कोणी, कोणत्या भांड्यात, कोणत्या जागी केला, हा तिसरा. आपल्या समाजात 'शाकाहारी' हा शब्द उच्चारणारा माणूस या तिहींपैकी एक, दोन किंवा तिन्ही प्रश्न एकाच वेळी मनात धरून असतो. कायदा केवळ पहिल्याचे उत्तर देतो आणि तेही अपवादांसह.

पहिला प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. ९ डिसेंबर २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने एका याचिकेवर निर्णय देताना डायसोडियम इनोसिनेट या चववर्धकाचे उदाहरण घेतले. वेष्टनावर त्याचा उल्लेख बहुधा केवळ ई-६३१ या सांकेतिक क्रमांकाने असतो. हे द्रव्य मासळीपासून किंवा डुकराच्या मांसापासून मिळवता येते, तसेच जिवाणूंच्या साहाय्याने किण्वन करूनही मिळवता येते. न्यायालयाने सांगितले की घटकाचे प्रमाण कितीही अल्प असो, तो वनस्पतिजन्य आहे, प्राणिजन्य आहे की प्रयोगशाळेत तयार झाला आहे, हे उत्पादकाने जाहीर केलेच पाहिजे. निर्णय योग्य होता. मात्र त्याची अडचण न्यायालयात दिसत नाही, अन्न निरीक्षकाच्या टेबलावर दिसते. मासळीतून काढलेला इनोसिनेट आणि किण्वनातून आलेला इनोसिनेट हा रेणू म्हणून एकच आहे. पायसीकारक म्हणून वापरली जाणारी ई-४७१ ही मेदद्रव्ये पामतेलाची आहेत की चरबीची, हेही नमुना तपासून खात्रीने सांगणे बहुधा कठीण असते. येथे प्रयोगशाळेची सद्दी संपते आणि कागदपत्रांची सुरू होते: कच्चा माल कोठून आला, पुरवठादाराने काय लिहून दिले, त्या पुरवठादाराचा पुरवठादार कोण. नमुना घ्या, बाटलीत भरा, लाख लावून मोहोर करा (पुन्हा लाखच) आणि विश्लेषकाकडे पाठवा, या शिस्तीत वाढलेल्या आपल्या अन्न प्रशासनाला कागदांचा असा माग काढण्याची सवय नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे देशी उदाहरण म्हणजे चांदीचा वर्ख. काजूकतलीवरचा वर्ख म्हणजे निव्वळ चांदी. त्यात प्राणिजन्य घटक शून्य. परंतु पारंपरिक कारागीर चांदीचा तुकडा जनावराच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पानांमध्ये ठेवून हातोडीने ठोकत असत. घटकांच्या दृष्टीने ही मिठाई निर्दोष, प्रक्रियेच्या दृष्टीने नाही. २०१६ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वर्ख करताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य साहित्य वापरू नये, अशी अट घातली. चीजच्या बाबतीत भारतीय मानकाने याहून आधीच प्रक्रियेत लक्ष घातले होते. दूध गोठवण्यासाठी लागणारे रेनेट प्राणिजन्य नसावे, असे आपले मानक सांगते, कारण युरोपात ते परंपरेने वासराच्या जठरातून काढले जाई. म्हणजे हिरवा ठिपका घटकांपुरता आहे असे कायदा एकीकडे म्हणतो आणि दुसरीकडे, जेथे समाजाचा आग्रह तीव्र असेल तेथे, निवडून प्रक्रियेतही शिरतो. धोरण म्हणून याला काही नियम आहे असे मला दिसत नाही. ज्याने जोर लावला, त्याचे ऐकले गेले.

या वादाचा सर्वांत प्रांजळ ऊहापोह मला एका तरुण विद्यार्थ्याच्या अनुभवात आढळतो. १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींनी आईसमोर मांसाहार न करण्याची प्रतिज्ञा केली होती. तेथील शाकाहारवाद्यांशी संबंध आल्यावर त्यांना कळले की मांसाच्या तीन व्याख्या प्रचलित आहेत. पहिलीप्रमाणे केवळ पशुपक्ष्यांचे मांस वर्ज्य, मासे आणि अंडी चालतील. दुसरीप्रमाणे सर्व जीवांचे मांस वर्ज्य, पण अंडी चालतील. तिसरीप्रमाणे जीवांपासून मिळणारे सर्व काही वर्ज्य, म्हणजे दूधही. पहिली व्याख्या स्वीकारली असती तर मासेही ताटात आले असते. गांधींनी काही काळ अंडी खाल्ली आणि मग सोडली, कारण त्यांना जाणवले की प्रश्न इंग्रजांच्या व्याख्येचा नाही. आईने प्रतिज्ञा देववताना जो अर्थ मनात धरला होता, तोच बंधनकारक आहे, आणि आईच्या अर्थात अंडे मांसाहारीच होते. त्यांनी आत्मकथेत यावरून दोन नियम काढले आहेत. प्रतिज्ञा देववणाऱ्याने प्रामाणिकपणे जो अर्थ घेतला तो मान्य करावा, आणि जेथे दोन अर्थ संभवतात तेथे दुर्बळ पक्षाचा अर्थ ग्राह्य धरावा. पुढे त्यांनी दूधही सोडले आणि आजारपणात शेळीचे दूध घेण्याची वेळ आली, तेव्हा शब्द पाळला तरी आशय मोडला, ही बोच त्यांना राहिली.

वेष्टनावरच्या हिरव्या चिन्हाला मी हेच दोन नियम लावू इच्छितो. चिन्ह हे राज्याच्या हुकमाने उत्पादकाने ग्राहकाला दिलेले वचन आहे. या व्यवहारातील दुर्बळ पक्ष ग्राहक आहे. तेव्हा चिन्हाचा अर्थ ग्राहक जो घेतो, त्याच्या जवळ कायद्याने जायला हवे, आणि जेथे जाता येत नाही तेथे तसे उघड सांगायला हवे.

अडचण अशी की एकशे चाळीस कोटींच्या देशात ग्राहक एका अर्थाचा नाही. निष्ठावान जैनाला मध वर्ज्य आहे. मद्य, मांस आणि लोणी यांच्याबरोबर मधाची गणना महाविकृतींत होते. हिरव्या ठिपक्याला मध चालतो. बटाटा-कांद्याचे वेफर्स हिरवे आहेत, पण प्यू संशोधन केंद्राच्या २०२१च्या अहवालानुसार भारतातील ६७ टक्के जैन कंदमुळे खात नाहीत. पूर्वेकडे गेलो तर शब्दांचा अर्थच पालटतो. बंगालमध्ये 'निरामिष' या शब्दाने कांदा-लसणाचा अभाव इतका पक्का सूचित होतो की कालीपूजेच्या बळीचे बोकडाचे मटण आले-जिरे घालून, कांदा-लसणाशिवाय शिजवले, की त्याला 'निरामिष मांस' म्हणतात. उलट जुन्या वळणाच्या बंगाली घरांत विधवेच्या ताटातून मसुरीची डाळ आमिष मानून दूर ठेवली जाई. तेथील मासे खाणारा ब्राह्मण, काश्मीरचा रोगनजोश खाणारा पंडित आणि कोकण-गोव्याचा सारस्वत यांपैकी कोणालाही आपण धर्माच्या बाहेर पाऊल टाकले असे वाटत नाही. चरकसंहितेच्या अन्नपानविधीत मांसवर्ग हा धान्य, भाज्या, फळे यांच्यासारखाच एक वर्ग आहे. 'व्हेज' आणि 'नॉनव्हेज' ही दोन खणांची पेटी आपल्या परंपरेने घडवलेली नाही. ती रेल्वेच्या भोजनगाड्या, विमानांची तिकिटे आणि सरकारी अर्ज यांतून घट्ट झाली. अर्जाला दोनच चौकटी लागतात.

आकड्यांतही हा गोंधळ उमटतो. महानिबंधकांच्या २०१४च्या नमुना नोंदणी आधारभूत सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील सुमारे २९ टक्के भारतीय शाकाहारी ठरले. राजस्थानात हे प्रमाण सुमारे ७५ टक्के, तर तेलंगणात जेमतेम एक टक्का. प्यूच्या पाहणीत ३९ टक्के प्रौढांनी आपण शाकाहारी असल्याचे सांगितले. बालमुरली नटराजन आणि सूरज जेकब या अभ्यासकांनी २०१८ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त मांडले की सामाजिक दडपणामुळे मांसाहार कमी सांगितला जातो आणि खरे शाकाहारी २० टक्क्यांच्या आसपास असावेत. वीस, एकोणतीस, एकोणचाळीस. यांतला कोणता आकडा चूक, असे विचारण्यात अर्थ नाही. कोणी काय खाल्ले ते मोजले जाते, कोणी स्वतःला काय म्हणवतो तेही मोजले जाते, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोरण आखताना मात्र सोयीचा आकडा उचलला जातो, हे मी पाहिले आहे.

अशा पार्श्वभूमीवर 'व्हीगन' हा शब्द आला. तो १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला, कारण 'व्हेजिटेरियन' या शब्दात दूध आणि अंडी सामावली गेली होती आणि त्यांना ती नको होती. म्हणजे गांधींनी ऐकलेली तिसरी व्याख्या अर्धशतकानंतर स्वतंत्र नाव घेऊन उभी राहिली. भारतात तिला २०२२च्या व्हीगन अन्न विनियमांनी कायदेशीर रूप दिले. इंग्रजी 'व्ही' अक्षर आणि त्यावर पान असे हिरवे बोधचिन्ह ठरले. या व्याख्येचे बळ असे की ती घटकांपाशी थांबत नाही. मिश्रके, विकरे, प्रक्रियेत वापरलेली साधनद्रव्ये, यांपैकी काहीही कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य असता कामा नये आणि प्राण्यांवर चाचण्याही झालेल्या असू नयेत. हिरवा ठिपका पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, तर व्हीगन चिन्ह पहिल्या आणि दुसऱ्या दोन्हींचे. दोन्ही हिरवी, दोन्ही चौकटीत आणि शेजारीशेजारी. दुकानात उभ्या असलेल्या माणसाने काय समजावे?

यातून जीवाचा धोकाही संभवतो. ज्यांच्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे असे पालक व्हीगन चिन्ह पाहून निर्धास्त होतात. ते चिन्ह मात्र उत्पादकाच्या हेतूविषयी बोलते, त्याच यंत्रावर आदल्या पाळीत दुधाची भुकटी दळली गेली होती का, याविषयी नव्हे. २०१७ साली इंग्लंडमधील बाथ शहरात दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या एका महिलेचा मृत्यू झाला. तिने खाल्लेल्या पदार्थात दुग्धविरहित म्हणून विकले गेलेले नारळाचे योगर्ट होते आणि त्यात दुधाची प्रथिने मिसळली गेली होती, असे २०२२च्या मृत्युचौकशीत निष्पन्न झाले. तत्त्व म्हणून दूध टाळणारा आणि प्राण वाचवण्यासाठी दूध टाळणारा, यांना एकाच चिन्हावर विसंबायला लावणे ही बेपर्वाई आहे. ॲलर्जीकारक घटकांची घोषणा आपल्या विनियमांत सक्तीची आहे, पण ती वेष्टनाच्या मागे, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत असते. डोळा जातो तो समोरच्या हिरव्या रंगाकडे.

औषधांच्या बाबतीत राज्याने याच्या उलट टोक गाठले. बहुसंख्य कॅप्सुलांचे कवच जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून निघते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले होते की जीवरक्षक औषधे वगळून इतर औषधे व सौंदर्यप्रसाधने यांवरही घटकांचे मूळ दर्शवावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो आदेश रद्द केला, कारण असा नियम करणे हे न्यायालयाचे काम नाही. औषध हे आवडीने नव्हे, गरजेने घेतले जाते आणि ठिपका पाहून रुग्णाने गोळी नाकारली तर काय, ही शंका खोटी नाही. पण रुग्णाच्या हिताचा निर्णय त्याच्यापासून माहिती लपवून घ्यायचा, हे तर्कशास्त्र मला पटलेले नाही. वनस्पतिजन्य सेल्युलोजचे कवच उपलब्ध आहे, महाग आहे, आणि ज्याला परवडेल त्याने ते मागावे एवढी तरी सोय असावी.

आता तिसरा प्रश्न, जो कोणी मोठ्याने विचारत नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या फाहियानने मध्यदेशाचे वर्णन करताना लिहिले आहे की तेथील लोक जीवहत्या करत नाहीत, मद्य पीत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत. अपवाद फक्त चांडाळांचा. आणि लगेच पुढे येते की चांडाळ वस्तीबाहेर राहतात आणि नगरात येताना काठी वाजवून आपल्या येण्याची सूचना देतात, म्हणजे इतरांना विटाळ टाळता येईल. बाहेरून आलेल्या भिक्षूने सहजपणे केलेल्या या नोंदीत आहारशुद्धी आणि माणसांची उतरंड एकाच परिच्छेदात येतात. त्या दोहोंची आपल्याकडे आजतागायत पुरती फारकत झालेली नाही. 'शुद्ध शाकाहारी' या पाटीतील 'शुद्ध' हे विशेषण पोळीविषयी नसते, हे भाड्याने घर शोधणारा कोणीही सांगेल.

मार्च २०२४ मध्ये झोमॅटो या कंपनीने शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी हिरव्या गणवेशातील वेगळे वाटपकर्मचारी जाहीर केले आणि एका दिवसात गणवेशाचा भाग मागे घेतला, कारण लाल कपड्यांतला मुलगा वसाहतीच्या फाटकावर अडवला जाईल, ही भीती लगेच पुढे आली. बंद डब्यातील अन्न मोटारसायकलीच्या पेटीतून बाटत नाही. येथे प्रश्न अन्नाचा उरला नव्हता, तो वाहणाऱ्या माणसाचा झाला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळींना मालकांची नावे लावण्यास सांगण्यात आले. २२ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की कोणत्या प्रकारचे अन्न मिळते हे दर्शवण्यास सांगता येईल, मालकाची वा नोकरांची नावे दर्शवण्याची सक्ती करता येणार नाही. तिसरा प्रश्न राज्याच्या कक्षेबाहेर ठेवणारी ही सर्वांत स्पष्ट रेषा आहे. ज्याला अमुक हातचेच खायचे आहे, त्याने स्वतःच्या घरी तसे करावे. राज्याचे चिन्ह, राज्याचे पोलीस आणि राज्याचा कागद त्यासाठी वापरता येणार नाही.

गोंधळाची सर्वांत मोठी किंमत मात्र ज्यांना वेष्टनातले अन्न परवडत नाही ते मोजतात. अंडे कायद्याने मांसाहारी आहे, आणि वेष्टनाच्या संदर्भात ते तसे असण्याला माझी हरकत नाही, कारण बहुतेक शाकाहारी भारतीय, गांधींच्या आईप्रमाणे, तसेच मानतात. परंतु ग्राहकाला माहिती देण्यासाठी केलेली ही वर्गवारी अंगणवाडीच्या स्वयंपाकघरात शिरली की तिचे रूपांतर बंदीत होते. २०१५ मध्ये मध्य प्रदेशात कुपोषित बालकांना अंडी देण्याचा प्रस्ताव आला आणि मुख्यमंत्र्यांनी तो फेटाळला. त्या राज्यातील आदिवासी जिल्ह्यांत अंडे घरी वर्ज्य नव्हते, मिळत नव्हते एवढेच. कर्नाटकात २०२१च्या अखेरीस कल्याण-कर्नाटकातील कुपोषणग्रस्त जिल्ह्यांत शाळेत अंडी सुरू होताच मठाधिपतींचा विरोध उभा राहिला. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले आणि सव्वा वर्षात त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवला.

याउलट तामिळनाडूकडे पाहावे. १९८२ मध्ये तेथे विस्तारलेल्या पोषण आहार योजनेत आज शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडे मिळते आणि जे मूल अंडे खात नाही त्याला केळे. दोन्ही मुले एका पंगतीत बसतात. पोषणाच्या मापाने केळे अंड्याची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात, केळ्यात ग्रॅमभर. पण कोणाच्याही मुलाच्या तोंडात काही कोंबले गेले नाही आणि कोणाच्याही ताटातून काही काढून घेतले गेले नाही. सेवेत असताना एका जिल्ह्याच्या पोषण आढावा बैठकीत मी हे उदाहरण दिले, तेव्हा एका वरिष्ठाने उत्तर दिले की आपला जिल्हा शाकाहारी आहे. जिल्हे शाकाहारी नसतात. त्या दिवशीच्या टिपणात त्या जिल्ह्यातील तीव्र कमी वजनाच्या बालकांची संख्या दुसऱ्या पानावर होती. बैठक पहिल्या पानावरच संपली.

व्यवहारात काय करता येईल, हे ठरवण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. हिरव्या ठिपक्याखाली दोन शब्दांची जागा आहे; तेथे 'दूध आहे' किंवा 'दूध नाही' हे मोठ्या अक्षरांत छापता येते. मध आणि लाख असेल तर तेही नावाने लिहावे, अपवादाच्या पडद्याआड ठेवू नये. सांकेतिक क्रमांकाशेजारी मूळ शब्दांत लिहावे, हे तर न्यायालयाने सांगूनच झाले आहे. ॲलर्जीची सूचना वेष्टनाच्या मागून पुढे आणावी आणि व्हीगन चिन्हाचा रंग हिरव्याखेरीज दुसरा करावा. तपकिरी वर्तुळाचा त्रिकोण करता येतो, तर हेही करता येईल. अन्न निरीक्षकांना पुरवठादारांच्या कागदांचा माग घेण्याचे प्रशिक्षण आणि त्यासाठी लेखापरीक्षणाची जाण असलेली माणसे द्यावीत. लहान मिठाईवाल्याला हा बोजा झेपणार नाही अशी तक्रार येईल आणि ती रास्त आहे. त्याच्यासाठी वर्ख, खाण्याचे रंग, जिलेटिन आणि पायसीकारके या चार वस्तूंच्या घाऊक विक्रेत्यांनाच मूळ प्रमाणित करायला लावावे. हे विक्रेते मोजके असतात, त्यांचे परवाने प्राधिकरणाकडे आहेत आणि त्यांची दप्तरे तपासायला मिठाईच्या प्रत्येक दुकानात जावे लागत नाही. शाळेच्या स्वयंपाकघराला मात्र या सर्वांतून वगळावे. तेथे ठिपका नको, तेथे मुलाला विचारावे.